ब्राउनिंग पिस्तूल आणि अनंत कान्हेरे: १९०९ मध्ये नाशिकला काय घडले, आणि आजच्या परवानाधारकाने त्यातून काय घ्यायचे?

पूर्णा : पिस्तुलाचा परवाना हातात आला की पहिले प्रश्न ठरलेले असतात. होल्स्टर कुठले घ्यायचे, कमरेला लावायचे की बॅगेत ठेवायचे, ट्रिगर हलका करून मिळतो का, सायलेन्सर चालतो का. उत्तरे कायद्यात आहेत. पण हत्यार बाळगणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या इतिहासातील एका आयुष्यातून जास्त नीट समजते. ते आयुष्य आहे हुतात्मा अनंत लक्ष्मण कान्हेरे यांचे. त्यांच्या शाळेची दोन्ही गावे पूर्णा जंक्शनवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर होती.

थोडक्यात

- २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली. गोळ्या झाडणारे कान्हेरे तेव्हा १७ वर्षांचे होते.
- वापरलेले पिस्तूल लंडनहून चोरून आलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक होते.
- १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली.
- आजच्या कायद्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला शस्त्र परवाना मिळत नाही. हत्यारावरील नंबर खोडणे, नळी कापणे, विनापरवाना सायलेन्सर बाळगणे हे गुन्हे आहेत.

कान्हेरे कोण होते?

अनंत कान्हेरे यांचा जन्म १८९२ सालचा. गाव आयनी, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. दोन भाऊ आणि दोन बहिणी असे घर. त्या काळी कोकणातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी आणि शिक्षणासाठी घाटावर, काही तर थेट निजामाच्या राज्यात जात. अनंत यांचेही तसेच झाले. प्राथमिक शिक्षण निजामाबादला, म्हणजे तेव्हाच्या इंदूरला झाले. इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आले.

या दोन गावांना जोडणारी रेल्वे तेव्हा अगदी नवी होती. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. सिकंदराबादहून निघालेली गाडी निजामाबाद, बासर, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला पोहोचत असे. मनमाडला गाडी बदलली की इंग्रजांच्या हद्दीतील जीआयपी रेल्वेने नाशिक गाठता येई. मराठवाडा निजामाचा आणि नाशिक इंग्रजांचे, पण रुळांनी दोन्ही मुलूख जोडले होते. पुढे नाशिकच्या गुप्त संघटनेचे लोक औरंगाबादेत पोहोचले आणि औरंगाबादचा एक विद्यार्थी नाशिकच्या थिएटरात पोहोचला, तो याच जोडणीमुळे.

औरंगाबादेत काय घडले?

१९०८ मध्ये कान्हेरे औरंगाबादेत गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरी खोली घेऊन राहू लागले. दोघांची गाढ मैत्री झाली. या मैत्रीवर कान्हेरे यांनी 'मित्रप्रेम' नावाची कादंबरीही लिहिली. वय सोळा-सतरा, डोक्यात लेखनाचे आणि शिक्षणाचे विचार. इथपर्यंत हे आयुष्य त्या काळच्या कुठल्याही शिकणाऱ्या मुलासारखेच होते.

गंगाराम यांचा संबंध येवल्याच्या मंडळींशी होता, आणि येवल्यात नाशिकच्या गुप्त संघटनेची शाखा होती. त्या ओळखीतून नाशिकचे गणेश ऊर्फ गणू वैद्य औरंगाबादेत आले. कान्हेरे संघटनेच्या संपर्कात आले ते असे.

नाशिकमध्ये त्या वेळी सावरकर बंधूंच्या अभिनव भारत संस्थेचे वारे होते. तिच्याच प्रभावातील एका गटाचे सूत्रधार होते कृष्णाजी गोपाळ ऊर्फ अण्णा कर्वे. कर्वे पदवीधर होते आणि मुंबईत कायद्याचा अभ्यास करत होते. दुसरे प्रमुख विनायक नारायण देशपांडे हे शिक्षक होते. या गटाला हत्यार चालवायला तयार असलेला तरुण हवा होता. कान्हेरे तयार झाले.

जॅक्सनच का?

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हे नाशिकचे कलेक्टर. त्यांची दोन रूपे होती आणि दोन्ही खरी होती.

एक रूप अभ्यासकाचे. जॅक्सन संस्कृत जाणत, मराठी उत्तम बोलत. मुंबई गॅझेटियरमधील इतिहासाच्या कामात त्यांचा हात होता. लोककथा, चालीरीती आणि लोकसमजुती यांची टिपणे ते गोळा करत. त्यांच्या मृत्यूनंतर ही टिपणे एन्थोव्हेन यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत.

दुसरे रूप सरकारी अधिकाऱ्याचे. विनायक दामोदर सावरकर यांचे थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव सावरकर यांनी कवी गोविंदांच्या कविता छापल्या. त्यावरून त्यांच्यावर सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला झाला. हे प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवणारे अधिकारी जॅक्सन होते. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापल्याबद्दल जन्मठेप, हे नाशिकच्या तरुणांना सहन होणारे नव्हते. गोड बोलणारा आणि मराठी जाणणारा अधिकारी उघड दडपशाही करणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक, असाही विचार गटात होता.

त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. ऑगस्टमध्ये धिंग्रा यांना फाशी झाली. पिस्तुलाचा मार्ग पत्करलेल्या तरुणांसमोर हे ताजे उदाहरण होते.

पिस्तूल आले कुठून?

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी घातली होती. युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. या भेदभावाबद्दल देशभर चीड होती. सरळ मार्गाने पिस्तूल मिळणे जवळपास अशक्य होते.

विनायक सावरकर तेव्हा लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये होते. त्यांनी २० ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी असलेले चतुर्भुज अमीन भारतात परतत होते. त्यांच्या पेटीला खोटा तळ करून त्यात ही पिस्तुले लपवली गेली. मार्च १९०९ मध्ये पेटी मुंबईला पोहोचली. तोवर बाबारावांना अटक झाली होती, पण पिस्तुले मात्र संघटनेच्या माणसांपर्यंत गेली. त्यातील काही कर्वे यांच्या हाती आली.

ब्राउनिंगच का, याचे उत्तर यंत्रात आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर-संशोधक. त्याच्या रचनेची पिस्तुले युरोपात बेल्जियमचा एफएन कारखाना बनवत असे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे फिरते चक्र असते, त्यामुळे ते जाड होते आणि खिशात फुगते. ब्राउनिंगचे पिस्तूल चपटे होते. गोळ्यांचे मॅगझिन मुठीत बसवलेले असे. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकून रिकामे काडतूस बाहेर टाकी आणि नवी गोळी आत घेई. चापावर पुन्हा बोट दाबले की पुढची गोळी तयार. १९०९ मध्ये हे अत्याधुनिक तंत्र होते. पाच वर्षांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड यांची हत्या झाली, तीही एफएनच्याच ब्राउनिंग पिस्तुलाने, आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली.

२१ डिसेंबर १९०९ : त्या रात्री काय झाले?

जॅक्सन यांची मुंबईला बदली झाल्याचे कळले आणि गटाची घाई सुरू झाली. जॅक्सन नाशिकमधून गेले तर संधी हातची जाणार होती. कान्हेरे औरंगाबादहून नाशिकला आले.

नाशिककरांनी जॅक्सन यांच्या निरोपासाठी नाटकाचा बेत केला. विजयानंद थिएटरमध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीचे 'शारदा' लागणार होते. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगते आणि त्या काळी तुफान चाले. कलेक्टर येणार हे गावाला माहीत होते, तसे ते गटालाही माहीत होते.

योजना तीन टप्प्यांची होती. पहिल्यांदा कान्हेरे गोळी झाडणार. ते चुकले तर देशपांडे. तेही चुकले तर कर्वे. तिघेही हत्यारे घेऊन थिएटरमध्ये होते. काम झाल्यावर जिवंत हाती लागायचे नाही, असे कान्हेरे यांनी ठरवले होते.

जॅक्सन आत आले. लोक स्वागताला पुढे झाले. कान्हेरे यांनी गोळी झाडली. अंतर अगदी थोडे होते, तरी पहिली गोळी चुकली. पुढच्या गोळ्या जॅक्सन यांच्या छातीत लागल्या आणि ते जागीच कोसळले. डेप्युटी पळशीकर आणि निवृत्त पोलीस अधिकारी मारुतराव तोरडमल कान्हेरे यांच्यावर झडप घालायला धावले. झटापट झाली आणि स्वतःला संपवण्याआधीच कान्हेरे पकडले गेले. देशपांडे आणि कर्वे यांच्यावर पुढे येण्याची वेळ आली नाही.

नाटक पाहायला आलेल्या शेकडो माणसांच्या मधोमध हे घडले. पहिली चुकलेली गोळी कुणालाही लागू शकली असती. हत्यारांचा सराव शिकवणारे आजही हेच सांगतात, की मैदानावर स्थिर निशाण्यावर नेम धरणे वेगळे आणि गर्दीत, धडधडत्या छातीने झाडणे वेगळे. हाताच्या अंतरावरूनही गोळी चुकते, आणि चुकलेली गोळी कुठेतरी लागतेच.

खटला आणि फाशी

तपासाची चक्रे वेगाने फिरली. साथीदारांची नावे बाहेर आली. पुढच्या काही दिवसांत कर्वे, देशपांडे, गणू वैद्य, शंकर रामचंद्र सोमण, वामन ऊर्फ दाजी नारायण जोशी आणि दत्तात्रय पांडुरंग जोशी यांना पकडण्यात आले. मुंबई हायकोर्टाच्या विशेष न्यायासनापुढे खटला चालला. २९ मार्च १९१० रोजी निकाल लागला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. सोमण, वामन जोशी आणि वैद्य यांना जन्मठेप. दत्तात्रय जोशी यांना दोन वर्षे कैद.

१९ एप्रिल १९१० रोजी सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी देण्यात आली. प्रेते नातेवाइकांच्या हाती दिली गेली नाहीत. कान्हेरे यांचे वय १८. पकडल्यापासून फाशीपर्यंत चार महिनेही झाले नव्हते.

पिस्तुलाने पुढे कुणाकुणाला ओढले?

थिएटरमधील पिस्तूल सरकारच्या हाती लागले आणि त्याचा माग लंडनपर्यंत गेला. लंडनहून आलेल्या २० पिस्तुलांपैकीच हे एक, हे तपासात सिद्ध झाले. पेटी आणणारे चतुर्भुज अमीन माफीचे साक्षीदार झाले. १३ मार्च १९१० रोजी विनायक सावरकर यांना लंडनमध्ये अटक झाली. त्यांना बोटीने भारतात आणले जात असताना ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली, पण किनाऱ्यावर पुन्हा पकडले गेले. नाशिक कटाच्या मोठ्या खटल्यात ३८ जणांवर आरोप होते. सावरकरांना डिसेंबर १९१० मध्ये एक जन्मठेप झाली. जॅक्सन यांच्या हत्येला साहाय्य केल्याबद्दल जानेवारी १९११ मध्ये दुसरी झाली. मिळून ५० वर्षे.

म्हणजे एका पिस्तुलाची वाट उलटी शोधत गेल्यावर अख्खी संघटना मोडली गेली. नाशिकमधील अभिनव भारतचे काम त्यानंतर जवळजवळ थांबले. कान्हेरे यांच्या धाडसाला स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मान आहे. नाशिकचे गोल्फ क्लब मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते आणि तिथे क्रिकेटचे रणजी सामने होतात. पण त्या मार्गाची किंमतही तितकीच ठळक आहे. चार आयुष्ये थेट संपली आणि अनेकांची तारुण्ये अंदमानात गेली.

मग आजच्या पिस्तूलधारकाशी याचा संबंध काय?

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा भेदभाव करणारा कायदा गेला. त्याच्या जागी शस्त्र अधिनियम १९५९ आला. सध्याची नियमावली २०१६ ची आहे आणि २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्णा तालुक्यातील अर्जदारासाठी परवाना देणारे अधिकारी म्हणजे परभणीचे जिल्हादंडाधिकारी. अर्जानंतर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. कान्हेरे यांच्या कथेतील प्रत्येक टप्प्यासमोर आज एक नियम उभा आहे.

*वय.* २१ वर्षे पूर्ण नसलेल्याला परवाना मिळत नाही. अपवाद नेमबाजीच्या प्रशिक्षणाचा. नाशिकचे कान्हेरे आज अर्जसुद्धा करू शकले नसते.

*प्रशिक्षण.* हत्यार आणि दारूगोळा सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण २०१६ च्या नियमांत आहे. हाताळणे, झाडण्याची पद्धत, निगा, साठवण आणि ने-आण हे त्यातील विषय. नवशिक्याची सर्वांत जीवघेणी चूक ब्राउनिंगच्या रचनेशीच जोडलेली आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे वाटते. पण एक गोळी चेंबरमध्ये शिल्लक असू शकते. म्हणून आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी तपासायचे. हा क्रम कधी उलटा करायचा नाही. नळी नेहमी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाच्या बाहेर, हे दोन नियम त्याच्या जोडीचे.

*बाळगणे.* सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावे लागते. ते पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. हातात मिरवणे, दाखवून धाक घालणे याला बंदी आहे. होल्स्टर घेताना दोन गोष्टी पाहायच्या. चापाचा भाग पूर्ण झाकला जातो का, आणि बसता-उठताना, मोटारसायकलवर पिस्तूल निसटत नाही ना. नुसते खिशात टाकलेले पिस्तूल किल्ल्या-नाण्यांत अडकून सुटू शकते. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हवेत गेलेली गोळीही कुठेतरी खाली येते.

*हद्द.* परवाना कुठपर्यंत चालतो, हे परवान्यावरच लिहिलेले असते. पूर्णेहून निजामाबाद किंवा सिकंदराबादकडे जाणारी गाडी काही तासांत तेलंगणात शिरते. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर पिस्तूल घेऊन ती हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरतो. गाडीत बसण्याआधी परवान्यावरील ती ओळ वाचलेली बरी.

*बदल.* इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आवाज किंवा जाळ कमी करणारे उपकरण, म्हणजे सायलेन्सर, कायद्याच्या व्याख्येत स्वतःच अग्निशस्त्र मानले जाते. ते नुसते ॲक्सेसरी म्हणून विकत घेता येत नाही. नळी कापून लहान करणे किंवा खेळण्यातील पिस्तुलाला खरे बनवणे यासाठी वेगळा परवाना लागतो. तो नसताना असे केल्यास शिक्षा किमान सात वर्षांची आहे आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ट्रिगर हलका करण्यासाठी स्प्रिंग बदलून घेण्याचा मोहही टाळावा. हलका चाप म्हणजे धक्क्याने किंवा घाईने सुटणारी गोळी. दुरुस्ती लागली तर ती परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच करावी.

*नंबर.* नाशिकचे पिस्तूल लंडनच्या पेटीपर्यंत पोहोचवणारा माग आजही प्रत्येक हत्याराला जोडलेला आहे. हत्यारावरील नाव, नंबर किंवा खूण खोडणे, बदलणे किंवा बनावट करणे गुन्हा आहे. खूण नसलेले हत्यार बाळगणेही गुन्हा आहे. वापरलेले पिस्तूल विकत घेताना नळी व फ्रेमवरचा नंबर कागदाशी जुळतो का, हे आधी पाहायचे. मुठीचे कव्हर बदलताना किंवा नवा मुलामा देताना नंबर झाकला जाणार नाही, याचीही काळजी घ्यायची.

*संख्या आणि बोअर.* २०१९ पासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. लष्कर आणि पोलिसांच्या वापरातील ९ मि.मी. सारखे बोअर सामान्य नागरिकांना निषिद्ध आहेत. नागरिकांमध्ये .३२ बोअर प्रचलित आहे. यातील एक योगायोग असा, की .३२ पिस्तुलाचे काडतूसही ब्राउनिंग यांच्याच डोक्यातून, १८९९ च्या सुमारास आलेले आहे.

*घरातील साठवण.* हत्यार कुलूपबंद आणि सुरक्षित जागी ठेवण्याची हमी अर्जदाराला द्यावी लागते. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेली छोटी तिजोरी, आणि गोळ्या वेगळ्या कप्प्यात, ही साधी आणि स्वस्त व्यवस्था. नव्या मालकाने पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च तिजोरीवर, दुसरा चांगल्या होल्स्टरवर, तिसरा साफसफाईच्या सामानावर आणि सरावावेळच्या कानाच्या संरक्षणावर करावा. दिखाऊ मुठी आणि लेझर त्यानंतर. घरातील मुलांच्या, भावाच्या किंवा ड्रायव्हरच्या हाती पिस्तूल देणे हा परवान्याचा भंग आहे. चोरी झाली किंवा हरवले तर लगेच पोलिसांत कळवणे बंधनकारक आहे. निवडणुकीच्या काळात प्रशासन हत्यार जमा करायला सांगते, तेव्हा पावती घेऊन ते जमा करायचे.

विनापरवाना पिस्तूल सापडले तर?

गावठी कट्टा असो की परदेशी पिस्तूल, परवान्याशिवाय बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद व दंड आहे. निषिद्ध बोअरचे हत्यार असेल तर शिक्षा याहून बरीच जास्त. कुणाचे तरी सांभाळायला ठेवले होते, हा बचाव चालत नाही.

या आयुष्यातून काय उरते?

कान्हेरे यांच्याकडे पिस्तूल काही काळच होते. ते त्यांनी विकत घेतले नव्हते. त्यांच्यापर्यंत ते लंडनहून, कुणाच्या तरी पेटीतून, हातोहात आले होते. निर्णय इतरांच्या चर्चेतून आला आणि बोट मात्र त्यांचे होते. परक्या सत्तेविरुद्धच्या लढाईत त्यांनी ते स्वीकारले आणि त्याची किंमत प्राणांनी मोजली.

आज परभणी जिल्ह्यात कुणी परवाना घेतो तो शेतावरच्या राखणीसाठी, व्यापारातील रोकड सांभाळण्यासाठी किंवा जिवाच्या भीतीने. परिस्थिती वेगळी आहे, कायदा वेगळा आहे. पण विजयानंद थिएटरमध्ये लागू असलेली एक गोष्ट आजही तशीच लागू आहे. गोळी सुटल्यावर ती परत घेता येत नाही, आणि तिचा हिशेब ज्याच्या हातात पिस्तूल होते त्यालाच द्यावा लागतो.

महत्त्वाच्या तारखा

- १८९२ : आयनी (ता. खेड, जि. रत्नागिरी) येथे जन्म
- १९०८ : औरंगाबादेत गंगाराम श्रॉफ यांच्या घरी वास्तव्य
- मार्च १९०९ : २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईत
- जून १९०९ : बाबाराव सावरकरांना जन्मठेप
- २१ डिसेंबर १९०९ : जॅक्सन यांची हत्या
- २९ मार्च १९१० : खटल्याचा निकाल
- १९ एप्रिल १९१० : ठाणे तुरुंगात फाशी
- १९५९ : स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम
- २०१६ : नवी शस्त्र नियमावली
- २०१९ : कायद्यात दुरुस्ती, दोन हत्यारांची मर्यादा